ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी: खेळणाऱ्याचं नेमकं काय होणार?

दस्तऐवज (धागाकर्ता)

२० ऑगस्ट २०२५ ला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा इतक्या झपाट्याने संमत झाला. ड्रीम११, एमपीएल, झुपी वगैरेंनी लगेच पैशांचे खेळ थांबवले. त्यानंतरची चर्चा कंपन्यांच्या नोकऱ्या आणि क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नाव यांभोवतीच फिरली. ज्याच्या खिशातून पैसे जात होते त्याच्याबद्दल एकच वाक्य सगळीकडे ऐकू येतं: "खेळणाऱ्याला शिक्षा नाही." हे वाक्य खरं आहे, पण त्याच्या भरवशावर बरेच जण धोक्याच्या बाजूला चाललेत, म्हणून हा धागा.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळलेला कोणताही ऑनलाइन खेळ म्हणजे ऑनलाइन मनी गेम. तो कौशल्याचा, नशिबाचा की दोन्हींचा, याने फरक पडत नाही. रमी कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं होतं आणि इतकी वर्षं सगळे ॲप त्याच आधारावर उभे होते. या व्याख्येने तो आधारच काढून घेतला. ई-स्पोर्ट्स वेगळे ठेवलेत, तिथे प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर बक्षीस चालतं, पैज चालत नाही.

कलम ५: असा खेळ उपलब्ध करून देणं, त्यात मदत करणं. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.
कलम ६: जाहिरात. २ वर्षांपर्यंत, ५० लाखांपर्यंत.
कलम ७: त्यासाठीचे पैशांचे व्यवहार होऊ देणं. पुन्हा ३ वर्षं, १ कोटी.

कलम ५ आणि ७ चे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. नुसतं खेळणाऱ्यासाठी शिक्षेचं कलम नाही. पण कलम ७ नीट वाचा. तिथे बँक आणि वित्तसंस्थेच्या जोडीला "अन्य कोणतीही व्यक्ती" आहे. खेळणारा गुन्हेगार होतो तो इथून, आणि वरच्या कलम ५ व ६ मधून. मित्राला "आयडी" (पैजेच्या साइटवरचं खेळायचं खातं) काढून दिली, त्याचे पैसे आपल्या खात्यातून फिरवले, रेफरल लिंक गटात टाकली, टेलिग्रामवर टिप्स देऊन साइटचं नाव लिहिलं, की तो नुसता खेळणारा राहत नाही.

बँक, कर, पोलीस या बाजू ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी भर घालावी. फक्त कृपया ऐकीव नको.

---

आडवाट

चांगला धागा. एक दुरुस्ती म्हणा किंवा पुरवणी. "खेळणाऱ्याला शिक्षा नाही" हे केंद्राच्या या कायद्यापुरतं. राज्यांचे जुगारबंदी कायदे आपापल्या जागी आहेत. आपल्याकडे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंध कायदा आहे, आता नाव महाराष्ट्र जुगार प्रतिबंध कायदा. त्याच्या कलम ४ मध्ये अड्डा चालवणारा येतो आणि कलम ५ मध्ये अड्ड्यावर खेळताना सापडलेला. म्हणजे चार जण एका खोलीत लॅपटॉप उघडून मॅचवर लगवाडी-खायवाडी (पैज लावणं आणि घेणं) करत बसले आणि धाड पडली, तर "आम्ही फक्त खेळत होतो" हे तिथे चालत नाही.

तमिळनाडूच्या २०२२ च्या कायद्यात तर ऑनलाइन जुगार खेळणाऱ्यालाच ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. नोकरीनिमित्त चेन्नई-कोईमतूरला असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

---

चष्मेवाली

दोन प्रश्न.
१. ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे शिल्लक असतील तर ते बुडाले का?
२. कोर्टात आव्हान दिलंय म्हणतात, मग बंदी उठेल म्हणून थांबावं का?

---

जमाखर्च

@चष्मेवाली, पहिल्याचं उत्तर देतो.

भारतात नोंदणी असलेल्या मोठ्या ॲप्सनी खेळ बंद केले तरी पैसे काढायची सोय चालू ठेवली. पण वॉलेटमधला आकडा एकसंध नसतो, त्याचे तीन कप्पे असतात: भरलेली रक्कम, जिंकलेली रक्कम आणि बोनस. बोनस रोखीत निघत नाही, आधीही निघत नव्हता. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला तेव्हा गिऱ्हाईक टिकवायला कंपन्यांनी तेवढाच बोनस द्यायला सुरुवात केली. त्यामुळे वॉलेट फुगलेलं दिसतं आणि काढताना रक्कम कमी निघते. ही फसवणूक नव्हे, कप्पे उघडून बघा.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा नावामुळे. पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे आणि बँकेत नुसती आद्याक्षरं, किंवा खातं बायकोचं आणि पॅन नवऱ्याचं. आधी केवायसीमधलं (ओळख पडताळणीतलं) नाव बँकेप्रमाणे करून घ्या, मग रक्कम काढा.

आता टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापला जाणारा कर. हे उदाहरणानेच कळतं. वर्षाच्या सुरुवातीला वॉलेटमध्ये ५,००० होते. वर्षभरात ४०,००० भरले. एकूण ६०,००० काढले, शिल्लक शून्य. निव्वळ जिंकलेली रक्कम = ६०,००० − (४०,००० + ५,०००) = १५,०००. आयकर कायदा १९६१ च्या (मार्च २०२६ पर्यंत लागू) कलम १९४बीए प्रमाणे त्यावर ३० टक्के, म्हणजे ४,५०० कंपनी कापून घेणार. तुमच्या हातात ५५,५००.

इथे बहुतेकांना वाटतं की विषय संपला. तो संपत नाही. कलम ११५बीबीजे खाली कर ३० टक्केच, पण त्यावर ४ टक्के उपकर धरून ४,६८० होतात. वरचे १८० विवरणपत्र भरताना आपण भरायचे. पगारातून करपात्र उत्पन्न होत नसलं तरी या रकमेला किमान मर्यादेची सूट नाही. आयटीआर-१ या विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवता येत नाही, धंदा नसेल तर आयटीआर-२. आणि तोटा झाला असेल तर तो पगारातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

ॲप उघडतंय तोवर तीन गोष्टी उतरवून ठेवा: भरणा-काढणीचा पूर्ण तपशील, टीडीएसचं फॉर्म १६ए (कर कापल्याचं प्रमाणपत्र), आणि वॉलेट शून्य झाल्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट. २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कापलेल्या कराच्या तक्त्यात) कंपनीने दाखवलेला आकडा आणि आपला आकडा जुळतो का ते बघा. दोन वर्षांनी नोटीस आली आणि कंपनीचा सर्व्हर बंद असला तर हेच कागद लागतील.

---

दस्तऐवज (धागाकर्ता)

@चष्मेवाली, दुसरा प्रश्न. कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांतल्या याचिका ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. याचिका दाखल होणं म्हणजे स्थगिती नव्हे. निकाल काहीही लागो, त्या आशेवर वॉलेटमध्ये पैसे ठेवण्यात अर्थ नाही. त्यावर व्याज मिळत नाही की ठेव विम्याचं संरक्षण नाही. काढून घ्या.

---

सुकाणू

जमाखर्च यांचा प्रतिसाद जपून ठेवला. एक महत्त्वाची गोष्ट जोडतो. सध्या "तुमचे अडकलेले गेमिंगचे पैसे परत मिळवून देतो" असं सांगणारे फोन आणि मेसेज येतात. ठरावीक पद्धत: आधी तुमचं युजरनेम किंवा मोबाइल नंबर बरोबर सांगतात, मग मोठा आकडा मंजूर झालाय म्हणतात, मग "आधी कर भरा" म्हणतात.

ओळखायची खूण सोपी आहे. टीडीएस हा नेहमी मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो. तो आगाऊ भरायला कुणी सांगत नाही. कर, जीएसटी, सुरक्षा ठेव, फाइल चार्ज, नाव काहीही असो, पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे मागितले की फोन ठेवा. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन आणि सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात पोहोचण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

---

नांगरट

हे सगळं नोंदणी असलेल्या ॲपचं झालं. प्रत्यक्षात लोक परदेशी साइटवर गेलेत. व्हॉट्सॲपवर "आयडी" मिळते, कुणी विचारत नाही, टीडीएस नाही, केवायसी नाही. कायद्याने खेळणाऱ्याला हात लावलेला नाही तर तिथे खेळणाऱ्याला धोका काय, हे कुणीतरी स्पष्ट लिहा. नुसतं "धोकादायक आहे" म्हणून कुणी ऐकत नाही.

---

शाखा_खिडकी

@नांगरट, धोका थेट बँक खात्याला आहे. सविस्तर लिहितो, कारण हा भाग लोकांना खातं गोठल्यावरच कळतो.

कायदा भारताबाहेरून चालणाऱ्या साइटलाही लागू आहे. त्यामुळे तिला उघडपणे पेमेंट गेटवे मिळत नाही. मग ती पैसे कसे घेते? पंटरला (पैज लावणाऱ्याला) क्यूआर येतो. स्कॅन केलं की वर नाव दिसतं एखाद्या किराणा दुकानाचं, कपड्यांच्या दुकानाचं, नाहीतर कधी न ऐकलेल्या माणसाचं. काही तासांनी मेसेज येतो, "जुना क्यूआर बंद, नव्यावर टाका." हे सतत का बदलतं? कारण ती भाड्याने घेतलेली खाती असतात. कुणीतरी थोड्या पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम सोडून दिलेलं असतं. ती एकामागून एक गोठवली जातात.

त्याच खात्यांतून जिंकलेल्यांना पैसे दिले जातात. आणि त्याच खात्यांत दुसऱ्या बाजूने फसवणुकीचे पैसे येत असतात: डिजिटल अरेस्ट (व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस बनून लुटणं), खोटं शेअर ट्रेडिंग, पार्टटाइम जॉब.

आता बघा काय होतं. दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त माणसाचे २ लाख गेले. त्याने १९३० ला तक्रार केली. पोलीस पैशांचा माग काढतात: पहिलं खातं, तिथून दुसरं, तिथून तिसरं. तिसऱ्या खात्यातून ८,००० तुमच्या खात्यात आले, तुमची "विनिंग" म्हणून. यादीत तुमचं खातं आलं. बँकेला सूचना येते आणि ८,००० वर लीन लागतो, म्हणजे तेवढी रक्कम अडवून ठेवतात. कधी पूर्ण खात्यातून पैसे काढणंच बंद होतं. पगार येतो, निघत नाही. घराचा हप्ता परत जातो, त्याचा दंड वेगळा, सिबिलवर डाग वेगळा.

खातं अडकलं तर करायच्या गोष्टी:

शाखेत जाऊन लेखी मागा: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणे, लीनची रक्कम, आणि ज्या व्यवहारामुळे लागला त्याचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक). "वरून आलंय, आम्हाला माहीत नाही" एवढ्यावर परत येऊ नका. शाखेकडून मिळालं नाही तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे.

लीन ठरावीक रकमेवर आहे की सगळं खातं गोठवलंय, हे वेगळं विचारा. सगळं गोठवलं असेल तर फक्त वादातल्या रकमेपुरतं ठेवा असा अर्ज तपास अधिकाऱ्याकडे करता येतो. सोबत सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि ओळखपत्र.

त्याच दिवशी ऑफिसला पगाराचं खातं बदलायला सांगा आणि कर्ज देणाऱ्या बँकेला हप्त्याची सोय दुसरीकडून करतो असं कळवा. लोक आठवडाभर पोलिसांच्या मागे फिरतात आणि तेवढ्यात दोन हप्ते परत जातात.

अधिकाऱ्याने ऐकलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. इथे वकील लागतो.

आणि कृपया खोटं बिल बनवू नका. "मोबाइल विकला होता, त्याचे आले" असं दाखवणारे कागद तयार केले की साक्षीदार म्हणून सुटणारा माणूस आरोपी होतो.

---

आडवाट

शाखा_खिडकी यांनी नेमकं लिहिलंय. यात भर एवढीच की परदेशी साइटने पैसे दिलेच नाहीत तर दाद मागायला जागा नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३०: पैजेचा करार निरर्थक, जिंकलेली रक्कम वसूल करायला दावा लावता येत नाही. नोंदणी असलेल्या ॲपला निदान तक्रार अधिकारी होता, महिन्याची मर्यादा लावता येत होती, स्वतःला बाहेर ठेवायचं बटण होतं. आयडीवाल्याकडे यातलं काही नाही. तो एक दिवस नंबर बंद करतो, बस्स.

---

सुकाणू

फोनची बाजू राहिली. या साइटचे ॲप प्ले स्टोअरवर नसतात, एपीके फाइल (स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप) पाठवतात. टाकताना एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. एसएमएस म्हणजे ओटीपी. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे स्क्रीनवर काय दिसतंय आणि तुम्ही काय दाबताय ते सगळं.

काढायचं असेल तर आधी ॲप उडवू नका. हा क्रम पाळा:
सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडून त्या ॲपची परवानगी बंद करा. मग "डिव्हाइस ॲडमिन" यादीत ते आहे का बघा, असेल तर काढा. हे राहिलं तर अनइन्स्टॉलचं बटण फिकट दिसतं आणि दाबलं जात नाही, लोक तिथेच अडकतात. मग ॲप काढा. मग अज्ञात स्रोतातून इन्स्टॉल करायची मुभा बंद करा. यूपीआय पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. त्याच फोनवरून बदलला तर नवा पिनही तिकडेच जाईल.

यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडा आणि अनोळखी मॅन्डेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द करा. आधार-पॅनचे फोटो दिले असतील तर संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासा. आपलं नसलेलं सिम तिथूनच कळवता येतं.

व्हीपीएनबद्दल (आपलं ठिकाण लपवून बंद साइट उघडणारं साधन): सरकार आयटी कायद्याच्या कलम ६९ए प्रमाणे साइट बंद करतं, व्हीपीएनने ती दिसते, इतकंच. पैसे त्याच भाड्याच्या खात्यांतून जातात. म्हणजे वर लिहिलेल्या धोक्यातला एकही कमी होत नाही.

---

ओसरी

ऑफिसच्या गटात आयपीएलला प्रत्येकी १०० रुपये काढून अंदाज लावतात, तेही यात येतं का?

---

दस्तऐवज (धागाकर्ता)

@ओसरी, या कायद्यातला "ऑनलाइन गेम" म्हणजे इंटरनेटवर सॉफ्टवेअर म्हणून चालवला जाणारा खेळ. व्हॉट्सॲपवर कागदी हिशोब त्यात बसवणं अवघड आहे असं माझं वाचन. पण कुणी त्यासाठी ॲप किंवा वेबसाइट बनवली, किंवा गोळा केलेल्या रकमेतून स्वतःचा वाटा घ्यायला लागला, की चित्र बदलतं, आणि राज्याचा जुगार कायदा आहेच. माझं मत विचाराल तर पैसे काढूच नका. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजावा.

---

मनमोकळी

कायदा, बँक, कर यावर छान माहिती आली. ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये जुगाराचा विकार हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे, क्रमांक ६सी५०. ॲप बंद झाल्यावर असा माणूस आपोआप बरा होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत चिडचिड, झोप न लागणं, मॅचच्या वेळी हात फोनकडे जाणं हे होतं. आणि डोक्यात एकच: "गेलेले तेवढे काढले की बंद." आयडीवाल्याचा मेसेज नेमका याच काळात येतो, "पहिल्या भरण्यावर दुप्पट" म्हणून.

घरच्यांनी उपदेशापेक्षा पैशाची वाट अरुंद करावी. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा घरखर्चाइतकी खाली आणा. क्रेडिट कार्डवरची रोख उचल बंद करा. एकच खातं चालू ठेवा, जास्तीची बंद करा. पगार आला की त्याच दिवशी भाडं, हप्ते, किराणा बाजूला. कर्ज देणारे ॲप फोनवरून काढा. नुसतं ॲप काढून भागत नाही, त्यांच्याकडे खातं बंद करायची विनंतीही पाठवा, नाहीतर "आधीच मंजूर" कर्जाचा मेसेज रात्री दोन वाजताही येतो.

घरच्यांनी सगळं कर्ज एकदम फेडून टाकू नये. हा सल्ला कठोर वाटतो, पण कर्ज कोरं झालं की नव्याने उचलायला जागा होते. सगळ्या देण्यांची एक लेखी यादी करा, रक्कम, व्याज, तारीख, आणि हप्त्याने फेडा. यादी लपवलेल्या देण्यांसकट पूर्ण व्हायला दोन-तीन वेळा बसावं लागतं. पहिल्या दिवशी कुणी सगळं सांगत नाही.

टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. घरातलं माणूसही फोन करू शकतं, खेळणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. आणि जीव नकोसा झाल्याचं कुणी एकदाही बोललं तर ते गंभीरपणे घ्या, त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

---

नांगरट

मनमोकळी, मनापासून आभार. शेवटचा प्रश्न. उधारीवर खेळवणारा बुकी कोरा चेक घेऊन ठेवतो. आता धंदा बंद होतोय म्हणून वसुली सुरू झालीय. त्या चेकचं काय?

---

आडवाट

@नांगरट, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

चेक न वटल्याची फौजदारी तक्रार परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली होते, पण ती कायद्याने वसूल होण्याजोग्या देण्यासाठी. पैजेचं देणं तसं नाही. शिवाय आपल्याकडे जुन्या मुंबई इलाख्याचा १८६५ चा कायदा आहे, त्याने पैजेला जोडून केलेले करारही निरर्थक ठरतात. १९५९ च्या घेरुलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मुंबईचा फरक नोंदवला आहे. त्यामुळे "पैजेसाठी हातउसने दिले" हाही दावा इथे टिकवणं कठीण.

मेख अशी की कलम १३९ प्रमाणे चेक देणं फेडायलाच दिला असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दाखवायचं काम चेक देणाऱ्याचं. म्हणून व्हॉट्सॲपवरचा हिशोब, भाव, आयडी, "सेशन"चे (ठरावीक षटकांतल्या धावांवरच्या पैजेचे) मेसेज पुसू नका. लाजेपोटी लोक सगळं डिलीट करतात आणि बचावाचा एकमेव पुरावा घालवतात. बँकेला आताच लेखी "स्टॉप पेमेंट" द्या. त्याने कलम १३८ टळत नाही, पण चेकचा क्रमांक आणि वादाची तारीख नोंदली जाते.

धमकी आली तर भारतीय न्याय संहितेची कलमं ३०८ आणि ३५१ आहेत, खंडणी आणि धाकदपटशा. बिनपरवाना व्याजाने पैसे देणाऱ्याविरुद्ध २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा, तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. बँक किंवा नोंदणीकृत कर्ज ॲपचं देणं मात्र पूर्ण देणं आहे, ते पैसे कशावर उडवले याच्याशी त्याचा संबंध नाही. फक्त त्यांच्या वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही.

चेक परत गेल्यावर वकिलाची नोटीस येईल. ती मिळाल्यापासून १५ दिवस असतात, त्या आत लेखी उत्तर गेलंच पाहिजे. नोटीस नाकारू नका, नाकारली तरी मिळाली असंच धरलं जातं. आणि पाकीट फेकू नका, टपालाचा शिक्का आणि तारीख त्यावरच असते.